खिळेदादांनी जुळवलेलं प्रकरण

सरळ धरलेलं वर्तमानपत्र खिळेदादा बोट फिरवत, अडखळत वाचायचे. तेच वर्तमानपत्र चहाच्या टपरीवर समोरच्या माणसानं टेबलावर पसरलेलं असलं, म्हणजे दादांच्या बाजूनं पाहता पूर्ण उलटं, की त्यांची गाडी सुसाट सुटायची. समोरच्याची पहिली बातमी संपेपर्यंत यांचं पान वाचून झालेलं असे आणि वर "उलटा की आता, किती वेळ लावता" अशी घाई. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "दादा, हे कसं जमतं तुम्हाला?" म्हणाले, "बाई, लहानपणी सिंधीत शिकलो, ती उजवीकडून डावीकडे. मराठी शिकलो छापखान्यात, खिळ्यांवरून, ती उलटी. सरळ असं मला कोणी काही शिकवलंच नाही."

धुळ्याला आग्रा रोडच्या एका बोळात नानांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि वर्षाकाठी एखादं पुस्तक. दादा तिथले जुळारी, म्हणजे कंपोझिटर. समोर उतरती लाकडी केस, तिच्यात अक्षरागणिक खाने, खान्यांत शिशाचे खिळे. डाव्या हातात लोखंडी पट्टी, तिला स्टिक म्हणायचे, आणि उजव्या हातानं एकेक खिळा उचलून तिच्यात लावायचा. पान छापून झालं की तेच खिळे सोडून पुन्हा आपापल्या खान्यात टाकायचे. "लिहिणारा अक्षर एकदा लिहितो," दादा म्हणायचे, "वाचणारा एकदा वाचतो. मी प्रत्येक अक्षर दोनदा उचलतो. एकदा लावताना, एकदा सोडताना. त्यामुळे माझ्याशी कोणी पुस्तकाच्या गप्पा मारायच्या नाहीत." तरी आम्ही मारायचो आणि ऐकून घ्यायचो.

फाळणीत बाराव्या वर्षी आईबापांबरोबर कराचीहून बोटीनं आले, मुंबईहून धुळ्याच्या छावणीत पाठवले गेले आणि मिसरूड फुटायच्या आत नानांच्या वडिलांकडे चिकटले, एवढं त्यांच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं. छपाईचं ट्रेडल मशीन चालवणारा गडी बोरकुंडाकडचा, त्याच्याकडून ते अहिराणी शिकले. म्हणजे तोंडात अहिराणी आणि बोटांत पुस्तकी मराठी. माझ्याशी बोलताना पुस्तकातली भाषा जपून वापरायचे. चिडले की अहिराणी. त्यामुळे दादा आज कोणत्या भाषेत आहेत हे ऐकून मी ठरवायची, आत जायचं की दारातूनच परत फिरायचं.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, देवपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते आणि एक कादंबरी लिहून बसले होते. कादंबरी निर्वासितावर होती. आता सांगायला लाज वाटते, पण ती मी पुस्तकं वाचून आणि एका निवृत्त मामलेदारांच्या दोन मुलाखती घेऊन लिहिली होती. आठवड्यातून तीनदा मी कॉलेजच्या छपाईच्या निमित्तानं छापखान्यात जात होते, तिथे एक जिताजागता निर्वासित माझ्याशी चहा पीत होता, आणि त्याला एक प्रश्न विचारावा असं माझ्या डोक्यात आलं नाही. खरं कारण असं, की निर्वासित कसा दिसतो हे माझं आधीच ठरलेलं होतं. तो कृश, खोल डोळ्यांचा, क्षितिजाकडे बघणारा होता. दादांचं पोट सुटलेलं होतं, तोंडात पान असे आणि ते मशीनवाल्याशी पंख्याच्या वाऱ्यावरून भांडत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

कादंबरी नानांकडेच छापायला दिली. पहिल्या सोळा पानांचं प्रूफ हातात आलं आणि मी किंचाळलेच. पहिली काही पानं सोडली तर प्रत्येक पानावर जागोजागी काळे चौकोन उमटले होते. एका पानावर नऊ. मी तशीच रिक्षा करून छापखान्यात गेले. दादा शांतपणे म्हणाले, "बाई, 'श्र' संपले." केसमध्ये 'श्र'चे वीस खिळे. अक्षर संपलं की जुळारी त्या जागी दुसराच कुठला तरी खिळा उलटा रोवून ठेवतो, त्याचा बुडखा काळा उमटतो, मग खरा खिळा मोकळा झाला की बदलतो. माझ्या सोळा पानांत अश्रू, आश्रय, आश्रित, श्रद्धा आणि श्रांत मिळून सदुसष्ट वेळा आले होते. "त्यात अश्रू सर्वांत जास्त," दादा म्हणाले. "पस्तीस वर्षांत आपल्याकडे 'श्र' कधी कमी पडले नाहीत. हरिविजय छापला तेव्हासुद्धा." मशीनवाला खो खो हसला. मी नवे खिळे मागवायला लावले, पण त्या दिवसापासून आपलं लिखाण कोणी तरी वजन करून बघतंय असं मला वाटू लागलं.

आणि दादा वजन करतच होते. प्रत्येक प्रूफाबरोबर एक शेरा यायचा, लेखी नाही, तोंडी. छावणीतल्या नळाचं प्रकरण लावून झालं तेव्हा म्हणाले, "तुमच्या पुस्तकात निर्वासित सगळे देवमाणसं, गावातले लोक सगळे देवमाणसं. मग नळावर डोकी कोणी फोडली? माझ्या बापाच्या कपाळावर खूण होती, ती काय देवानं केली?" मी म्हटलं, "दादा, ही कलाकृती आहे." त्यांनी मान हलवली आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली दाबली. पुढच्या प्रकरणावर अहिराणीत घसरले: "हाऊ माणूस खोटा शे, बाई." कोण खोटा? माझा नायक! त्याच्याइतका सत्यवचनी माणूस मराठी साहित्यात झाला नसेल. "म्हणूनच," दादा म्हणाले. "शंभर पानं झाली, अजून एकदा खोटं बोलला नाही. मग तो जगला कसा?"

मी घरी जाऊन ते वाक्य नवऱ्याला चिडून ऐकवलं. तो म्हणाला, "प्रश्न चांगला आहे." त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. एखाद्या जुळाऱ्यानं आपल्याला साहित्य शिकवावं हे मला झोंबलं होतं, आणि त्याहून जास्त झोंबलं होतं ते हे, की मला उत्तर सुचत नव्हतं.

प्रकाशनाचा दिवस ठरला होता. पुण्याहून पाहुणे येणार होते, कॉलेजनं हॉल घेतला होता, निमंत्रणपत्रिका तर दादांनीच जुळवून दिल्या होत्या. खिळे मोजके असल्यामुळे सोळा पानं लावायची, छापायची, सोडायची, मग पुढची सोळा, असा क्रम होता. छापून झालेल्या पानांत आता काही बदलता येणार नव्हतं. आठ प्रकरणं अशी छापून झाली आणि नवव्याला दादांनी हात थांबवला.

नानांनी माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा नाना गल्ल्यावरून उठून दादांच्या केसपाशी उभे होते आणि आवाज शक्य तेवढा खाली ठेवून विनवत होते. "दादा, हॉल ठरेल शे. पाव्हना येवावर शे. कसं करनं मंग?" दादांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "नाना, माले हाई जमाव नही." पस्तीस वर्षांत दादांच्या तोंडून 'जमणार नाही' हे पहिल्यांदाच ऐकलं, असं नाना मला नंतर म्हणाले. मशीन बंद होतं. मशीनवाला कापडानं रूळ पुसत होता.

दादा मला घेऊन मागच्या कागदाच्या खोलीत गेले. हातात माझ्या हस्तलिखिताची चार पानं होती. नवव्या प्रकरणात नायकाची चार वर्षांची बहीण बोटीवर तापानं जाते. आई तिला आपल्या ओढणीत गुंडाळते आणि सूर्य बुडत असताना तिला समुद्राच्या स्वाधीन करतात. दीड पान. मी लिहिताना स्वतः रडले होते आणि ते प्रकरण कॉलेजातल्या बायकांना वाचून दाखवून त्यांनाही रडवलं होतं.

"तुम्हले कोनी सांगं हाई?" दादांनी विचारलं.

मला कळेना. "काय कोणी सांगितलं?"

"ओढणीचं." आवाज न चढवता त्यांनी ती चार पानं माझ्यापुढे धरली. "कॅम्पातल्या कोणाकडे गेला होता तुम्ही? खरं सांगा. जळगावला गेला होता?"

मी शपथेवर सांगितलं, की मी कोणाकडे गेले नाही, हे माझ्या मनातलं आहे. आईजवळ बोटीवर दुसरं काय असणार, ओढणीच असणार, म्हणून लिहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. चोर सापडला की नाही हे ठरवताना बघतात तसे. मग कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला, पण त्या जागी जे आलं ते मला जास्त लागलं. ती सरळ सरळ निराशा होती. "मनातलं आहे," ते म्हणाले. "मग बरोबर. म्हणूनच पुढच्या पानावर पोरगी नाही. मी पुढची तीन प्रकरणं चाळली, बाई. तिचं नाव पुन्हा कोणी घेत नाही. तुमच्या पुस्तकात मेलेलं माणूस लगेच मरतं. दुसऱ्या दिवशी काय झालं, ते लिहिलंच नाही तुम्ही."

"दुसऱ्या दिवशी काय झालं?" मी विचारलं. मी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

त्यांची बहीण होती लाजवंती. लाजो. बोटीवर गेली, ओढणीतच गेली. दुसऱ्या दिवशी मुंबईला धक्क्यावर रांग लागली. कारकुनानं विचारलं, किती माणसं? आई म्हणाली, चार. बापानं तिच्याकडे पाहिलं, पण बोलला नाही. कारकुनानं चौघांची नावं लिहून घेतली आणि कागद हातात दिला. "लहान पोरामागे मिळणाऱ्या दुधाच्या डब्यासाठी केलं असं लोक म्हणतील," दादा म्हणाले. "दूध नंतर. आधी तिच्या तोंडातून तीन निघालंच नाही."

पण कागदावर चार झाले की माणसंही चार दाखवायला लागतात. धुळ्याच्या छावणीत दर पंधरवड्याला गिनती व्हायची. खोटं सापडलं तर छावणीतून बाहेर काढतील, अशी या लोकांची खात्री. शेजारच्या खोलीत एक विधवा बाई होती, तिची मुलगी सुंदरी, लाजोच्याच वयाची. गिनतीवाला साहेब त्यांची खोली मोजून पुढे सरकला की ती मागच्या पडद्याखालून दादांच्या खोलीत यायची आणि लाजवंती व्हायची. तिला शिकवायचं काम दादांकडे होतं. "मी लांब उभा राहायचो. लाजो अशी हाक मारायची. ती वळली की शेंगदाणा द्यायचा, नाही वळली तर नाही. कोंबडीला शिकवतात तसं, बाई. चार दिवसांत वळायला लागली. पाचव्या दिवशी मी गंमत म्हणून सुंदरी अशी हाक मारली, तर वळलीच नाही."

वर्षभरानं विधवा बाई विषमज्वरानं गेली. पोरगी उघड्यावर पडली; अनाथ म्हणून तिला दूर कुठल्या आश्रमात धाडतील असं ऐकू आलं. तेव्हा दादांच्या आईनं साहेबांपुढे सांगून टाकलं, की सुंदरीला तिचा मामा घेऊन गेला. कारकुनानं नाव खोडलं. कागदावर सुंदरी गेली आणि लाजवंती राहिली. तीच लाजवंती शाळेत गेली, तिनंच दादांच्या आईची सेवा केली. लग्नात, आमच्याकडे काही घरांत बदलतात तसं सिंध्यांच्यातही सुनेचं नाव बदलतात, तेव्हा सासरच्यांनी तिसरंच नाव ठेवलं. जळगावला असते. दर राखीला दादा जातात. लाजो म्हणणारं जगात आता एकटंच माणूस उरलं होतं, ते माझ्यासमोर कागदाच्या गठ्ठ्यावर बसलं होतं.

माझे डोळे भरले, हे खरं. पण सगळं खरं सांगायचं तर डोळे भरत असतानाच माझ्या डोक्यात आलं, की हेच ते प्रकरण. हे जर आलं तर पुस्तक उभं राहील. मी तसं बोलूनही गेले. दादांनी हात जोडले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसानं माझ्यापुढे हात जोडले. "नाही, बाई. तिचे जावई, सुना आहेत. तिचे सगळे कागद लाजवंतीच्या नावावरून झालेले आहेत. सरकार विसरत नाही." मी म्हटलं, "दादा, चाळीस वर्षं झाली, आता कोण विचारतंय?" ते म्हणाले, "तुम्ही विचारलं ना आज." मी वचन दिलं. लिहिणार नाही, असं मी म्हणाले.

आणि दोन दिवसांत लिहिलं. नावं बदलली, गाव बदललं, शेंगदाण्याचे फुटाणे केले आणि स्वतःची समजूत घातली, की आता हे त्यांचं राहिलं नाही. बारा पानं झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी एकही 'श्र' न वापरता बारा पानं लिहिली होती. पण धुळ्यात नानांच्या छापखान्यात ती पानं खिळ्यात लावणारा माणूस एकच होता. मी काय करते आहे हे मला ठाऊक होतं. तरीही मी ती पानं नेऊन त्यांच्या केसवर ठेवली आणि म्हटलं, "नववं प्रकरण बदललंय, दादा." त्यांच्याकडे न बघता मी कॉलेजला निघून गेले. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं, मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर प्रकरण लावून तयार होतं. सगळी बारा पानं दोऱ्यानं बांधून ओळीनं गॅल्यांवर, म्हणजे लोखंडी तबकांवर, ठेवली होती. दादांनी माझ्या हातात प्रूफ दिलं. "वाचा." मी उभ्यानं वाचलं. एक चूक नव्हती. एक वेलांटी, एक रफार इकडचा तिकडे नव्हता. दादांच्या हातची इतकी शुद्ध पानं मी कधी पाहिली नव्हती. फक्त एका ठिकाणी त्यांनी माझा शब्द बदलला होता. फुटाणे काढून शेंगदाणे लावले होते.

"वाचलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बरोबर आहे?" मी म्हटलं, "बरोबर आहे, दादा." ते म्हणाले, "चांगलं लिहिलंय. मला वाटलं नव्हतं तुम्हाला येईल." मग त्यांनी पहिल्या पानाचा दोरा सोडला, एक ओळ डाव्या हातात घेतली आणि तिचे खिळे एकेक करून केसच्या खान्यांत टाकायला लागले. काना, मात्रा, ल, ज. शिसं लाकडावर पडल्याचा टकटक आवाज, बाकी काही नाही. नाना काही तरी बोलायला पुढे आले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून मागे फिरले. मी तिथे उभी राहिले. थांबवावं असं एकदाही मला वाटलं नाही, पळून जावं असं मात्र फार वाटलं. बारा पानं सोडायला त्यांना संध्याकाळ झाली. माझ्या हातातलं प्रूफ घेऊन त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि हात रॉकेलनं धुतले. म्हणाले, "छापून झालं की सोडतात, हे एक वाचून झाल्यावर सोडलं. आता जुनं प्रकरण लावू?"

इथे मी काही मोठेपणा दाखवला असता तर सांगायला बरं वाटलं असतं. हॉल ठरला होता, पत्रिका गेल्या होत्या. मी म्हटलं, "लावा." ओढणी, सूर्यास्त आणि दीड पान अश्रू, सगळं दादांनी बिनचूक लावून दिलं.

कादंबरी गाजली म्हणण्याइतकी गाजली नाही, पण बरं बोललं गेलं. पुण्याचे पाहुणे म्हणाले, की लेखिकेनं निर्वासितांचं काळीज उघडून दाखवलं आहे. दादा शेवटच्या रांगेत धुतलेला पांढरा शर्ट घालून बसले होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या. समारंभ संपल्यावर मी त्यांना गाठलं, कारण त्या हॉलमध्ये मला एकाच माणसाचं मत हवं होतं. "कसं झालं पुस्तक, दादा?" त्यांनी पुस्तकाचं पान उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "छपाई चांगली शे."

पुढे नानांच्या मुलानं संगणक आणला, खिळ्यांच्या केसेस अडगळीत गेल्या. दादा तरी रोज यायचे, प्रुफं वाचायचे, संगणकावरच्या पोरांना ऱ्हस्व-दीर्घावरून पिडायचे. माझ्यावर त्यांनी राग धरला नाही. याचाच मला त्रास व्हायचा. मी माफी मागायला तोंड उघडलं की ते विचारायचे, "नवीन काय लिहिताय?" मी काही तरी सांगायची, आणि त्यांचा एकच प्रश्न: "दुसऱ्या दिवशी काय झालं?" त्या प्रश्नापायी माझ्या कित्येक कथा पहिल्याच दिवशी बाद झाल्या. कादंबरी मी पुन्हा लिहिली नाही. जे थोडंफार लिहिलं, त्यात कोणी मेलं की मी पुढच्या सकाळपर्यंत थांबायला शिकले, ते दादांमुळे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका सकाळी ते छापखान्याच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. मी चोपड्याला माहेरी होते. कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. पंधरा दिवसांनी जळगावला गेले. मेहरूणच्या बाजूला त्यांच्या बहिणीच्या मुलाचं घर होतं, पत्ता नानांनी दिला. दार एका गोऱ्या, ठेंगण्या, साठीकडे झुकलेल्या बाईंनी उघडलं. मी नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "पुस्तकवाली बाई ना तू? ये. अदा सांगायचा तुझं." अदा म्हणजे त्यांच्या भाषेत भाऊ.

मी त्यांच्यापाशी कशासाठी गेले होते ते मलाच नीट माहीत नव्हतं. क्षमा मागायला गेले होते बहुतेक. त्यांनी पाणी दिलं, घरचा पापड दिला, आणि माझी सुटका करावी तसं स्वतःच विचारलं, "आमचं ते छापलंस का मग?"

"नाही. दादांनी नको म्हटलं होतं. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी तो नको म्हणाला. मला कुठे विचारलं?" त्या हसल्या. मालक जाऊन सहा वर्षं झाली, मुलाला सगळं ठाऊक आहे, सुनेलाही, त्या म्हणाल्या. "भ्यायचा तो एकटा अदा. सरकारला नाही, मला भ्यायचा. तुझ्या त्या पुस्तकाच्या सालीच राखीला आला. ताट घेऊन मी समोर बसले तर हात पुढे करेना. म्हणाला, इतकी वर्षं मी तुला मेलेल्या पोरीच्या नावानं हाक मारतो. तुझं नाव मी शेंगदाणे देऊन काढून घेतलं. आता तरी सुंदरी म्हणू का तुला? रडायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, सुना बघतायत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण आवाज ठणठणीत होता. "मी म्हटलं, सुंदरीला भाऊ कुठे होता? राखी मग कोणाला बांधू?"